घरचं पार्सल

"आत काय आहे?"

दिवसभर मी एवढंच विचारते. पोस्टात पार्सलच्या काउंटरवर बसून बसून माझ्या तोंडाला असं वळण लागलंय, की घरी पाहुणा पिशवी घेऊन आला तरी आधी हाच प्रश्न बाहेर पडतो, आणि 'या, बसा' मागून. लोकांचं उत्तरही ठरलेलं. "काही नाही हो, घरगुती वस्तू." एकदा एका गृहस्थांची घरगुती वस्तू माझ्या काट्यावर चक्क चालायला लागली. खोकं घरघर करत सरकत सरकत कडेला आलं. दाढीचं मशीन निघालं. मी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. सुटी बॅटरी चालणार नाही. आपोआप चालू होईल अशा यंत्रातली बॅटरी काढून ठेवावी. तो कागद मीच चिकटवलाय, चारही कोपऱ्यांना टेप लावून. माझ्या पाठीमागे लोक काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

आता अशा गमती घरी सांगायच्या तरी कुणाला? नवऱ्याला सांगितल्या तर तो "हं" म्हणतो. ऑफिसात आग लागली म्हटलं तरी "हं", विझली म्हटलं तरी "हं". माझी खरी श्रोती म्हणजे सासूबाई. संध्याकाळी मी चपला काढायच्या आत त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आज काय काय नाकारलंस गं?" मग मी भाजी निवडत सगळं सांगायचे, नकला करून, आवाज काढून, आणि त्या हसून हसून पदराने डोळे पुसायच्या. म्हणजे आमचं फार गूळपीठ होतं असं समजू नका. खिडकी उघडी की बंद, झाकण कुठल्या डब्याचं कुठे लागलं, कशावरूनही आमची जुंपायची. सगळ्यात जास्त जुंपायची ती रेडिओवरून.

हा रेडिओ विटेएवढा. मागे झाकण, झाकणात चपटी बॅटरी, असल्या आकाराची आता कुठे मिळतही नाही. बटण इतकं ढिलं की कपाटाचं दार आपटलं तरी तो आपला सुरू. सासूबाई उजाडायच्या आधी त्याच्यावर हवामानाच्या बातम्या लावायच्या, त्याही साऱ्या आळीला पुरतील अशा. स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायच्या नाहीत, पण कुठल्या बंदराला वारा किती सुटलाय ते तोंडपाठ. एकदा मी उशीत डोकं खुपसून ओरडले, "आई, हा रेडिओ मी एक दिवस पोस्टानं कुठेतरी पाठवून देणार आहे, बघाच!"

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी रेडिओ मुका. झाकण उघडलं तर बॅटरी गायब.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नाही हो घेतली." त्या म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं?" पण बॅग भरायला घेतली. दुपारच्या बसने त्या लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, गेल्यासुद्धा. जाताना रेडिओ मुद्दाम टेबलावर ठेवून गेल्या, मला रोज दिसेल असा.

चार दिवसांनी मला बॅटरी सापडली. नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात, ब्रशाच्या खाली.

"अहो! हे काय आहे?"

"हं," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याला आणखी शब्द सुचले. "एक दिवस झोपायचं होतं गं. संध्याकाळी परत लावणारच होतो. पण तोवर आईने बॅग भरायला घेतली, म्हटलं आता कशाला विषय काढायचा?"

"आणि मी? माझ्यावर आळ आला त्याचं काय?"

"तुझं नाव कुणी घेतलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन करून सगळं सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण सुनेनं सासूला तिच्याच लेकाची चहाडी सांगायची, तीही फोनवर? कोण विश्वास ठेवणार? आणि त्याला म्हटलं तुम्हीच जाऊन सांगा, तर याला ऑफिसातून सुट्टी नाही, याची कंबर धरलीय, बसमध्ये याला मळमळतं. आईला भ्यायलाय म्हणा ना सरळ!

घर शांत झालं होतं. इतकं शांत की मला सकाळी जाग यायची आणि मी आवाजाची वाट बघत पडून राहायचे. संध्याकाळी भाजी निवडताना तोंड उघडायचे आणि मिटायचे. मला करमत नव्हतं, अगदी खरं सांगते.

शेवटी मीच फोन केला. "आई, कधी येताय?"

"रेडिओशिवाय मला सकाळ होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तो पाठव आधी. पोस्टानं पाठवणार होतीस ना? पाठव. वाजता असला तर येईन मी. नाही तर इथे काही वाईट नाही. लेक म्हणतेच आहे, कायमची राहा म्हणून."

म्हणजे आलं का लक्षात? रेडिओ फुटला, तर मी फोडला. वाजला नाही, तर मी मुद्दाम तसा पाठवला. आणि पार्सलांचं आमच्या खात्यात काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आमच्याकडे मागच्या खोलीत एक जण आहे, त्याला सगळे गोलंदाज म्हणतात. तो खोलीच्या मधोमध उभा राहतो आणि भोवतीच्या पोत्यांमध्ये गावागावांची पार्सलं भिरकावतो. नेम कधी चुकत नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं. खोक्यावर 'नाजूक' लिहिलेलं असलं तर फेकायच्या आधी तो ते मोठ्याने वाचतो, एवढाच फरक.

मी रेडिओ टॉवेलात गुंडाळला, टॉवेल कागदाच्या बोळ्यांत, बोळे खोक्यात. आणि बॅटरी? बॅटरी मी आत बसवली. हो, बसवली! कागद मीच चिकटवला असला म्हणून काय झालं? बॅटरीशिवाय पाठवला असता तर सासूबाईंनी झाकण उघडून पुन्हा तेच पाहिलं असतं जे त्या दिवशी पाहिलं होतं. बटणाला मी चिकटपट्टी लावली आणि मनाशी म्हटलं, जाईल एवढं.

दुसऱ्या दिवशी खोकं काट्यावर ठेवलं. साहेब शेजारी उभे, चहा पीत. मी शिक्का उचलला आणि हाणला.

"...किनारपट्टीवर वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता असून," खोकं म्हणालं, "मच्छीमारांनी सावधगिरी बाळगावी."

रांगेत तो दाढीच्या मशीनवाला गृहस्थ होता. देवाशपथ, तोच होता. तो पुढे वाकून गोड आवाजात म्हणाला, "आत काय आहे हो, बाई?"

साहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मी मान खाली घालून खोकं फोडलं, बॅटरी काढून पर्समध्ये टाकली आणि खोकं पुन्हा बांधलं. रांग हसत होती. मीही दुसऱ्या कुणाचं असतं तर हसलेच असते.

मागच्या खोलीत खोकं मी स्वतः नेऊन दिलं. तिथे सगळ्यांना हकिकत आधीच पोचली होती. गोलंदाजाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कोपऱ्यावर खडूने गोल काढला. आमच्याकडे हा गोल म्हणजे 'घरचं'. खात्यातल्या माणसाचं पार्सल फेकायचं नाही, हातानं न्यायचं. "ताई, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "बाळासारखं जाईल."

मी निर्धास्त राहिले. आठवडा गेला. रोज संध्याकाळी फोन करायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "आलं नाही बाई अजून काही." आवाज दिवसेंदिवस थंड. शेवटी तर त्या म्हणाल्या, "पाठवलंस ना नक्की?" फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग चहा केला, मग पुन्हा थोडी रडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत पाणी प्यायला गेले, सहज वर पाहिलं, तर कपाटावर माझं खोकं. खाली गादीसारखा कुणाचा तरी स्वेटर, वर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र.

"हे इथे काय करतंय?"

"घरचं आहे ना ताई," गोलंदाज म्हणाला. "पोत्यात कसं टाकणार? हातानं गाडीत ठेवायचं. पण गाडी येते तेव्हा कुणाचे हात रिकामे असतात? म्हणून मी दुपारच्या माणसाला सांगितलं, सांभाळ. त्याने रात्रपाळीला सांगितलं, सांभाळा. रात्रपाळीने तर स्वेटर दिला." तो अगदी मनापासून सांगत होता. "आठवडाभर कुणी बोटसुद्धा लावलं नाही!"

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मी स्टुलावर चढून खोकं खाली घेतलं आणि ओल्या रुमालाने खडूचा गोल पुसून टाकला.

"टाका पोत्यात."

"ताई, मी नाही टाकणार. घरचं आहे."

"अहो, टाका म्हणते ना!"

त्याने दोन्ही हात मागे घेतले. रोज शेकडो लोकांची खोकी भिरकावणारा माणूस, आणि माझ्या खोक्याच्या वेळी त्याला माया सुटली! मग मीच खोलीच्या मधोमध उभी राहिले. नणंदेच्या गावाचं पोतं समोर दिसत होतं. डोळे मिटले आणि फेकलं. पहिल्यांदा भिंतीला लागलं. उचलून पुन्हा फेकलं, तेव्हा आत गेलं. आतून काहीतरी टकटक वाजल्यासारखं वाटलं. पण पोतं गाडीत चढलं, गाडी गेली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन. सासूबाईंचा, आपणहून.

"आला रेडिओ," त्या म्हणाल्या. "झाकण उघडलंय मी. आत बघते तर मोकळं."

"आई, बॅटरी पोस्टाने चालत नाही. नियम आहे."

"असेल. मग बॅटरी कुठेय?"

माझ्या पर्समध्ये, असं म्हणाले असते तर झालंच असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरामागे होता. सगळा राग, सगळा आठवडा, रांगेतलं ते हसू, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, "उद्या पोचेल. माणसाबरोबर पाठवतेय." आणि फोन ठेवून पर्समधून बॅटरी काढली, रुमालात गुंडाळली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातली.

"ही पोस्टाने जात नाही," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही जायचं. सकाळची बस. कंबर दुखली तर उभ्याने जा. मळमळलं तर खिडकीशी बसा. पण याच खिशातून काढून आईंच्या हातात द्यायची."

या वेळी तो "हं"सुद्धा म्हणाला नाही. सकाळी उठून गेला.

दिवसभर काउंटरवर माझं लक्ष नव्हतं. कुणी काय पाठवलं देव जाणे. घरी येऊन चपला काढत होते तोच फोन वाजला. आधी कुणी बोललंच नाही. नुसत्या हवामानाच्या बातम्या, साऱ्या आळीला पुरतील अशा.

"ऐकू येतंय का?" सासूबाई ओरडल्या.

"येतंय, येतंय!"

"एक कोपरा चेपलाय. कुठल्या गाढवाने फेकला कोण जाणे."

मी घाईने विषय बदलला. "आई, ती बॅटरी... ह्यांनी काही सांगितलं का?"

"तो कशाला सांगतोय? खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि चहा पीत बसलाय. मला काय सांगायला हवं? लहानपणी शाळा बुडवायला घड्याळाची किल्ली लपवायचा. झाकण रिकामं दिसलं तेव्हाच ओळखलं मी."

"तेव्हाच?" मी जवळजवळ किंचाळले. "मग माझ्यावर कशाला रुसलात?"

"त्याच्यावर रुसून काय उपयोग गं? मी घरात नाही हे त्याला महिन्याने कळलं असतं. तुझ्यावर रुसलं की निदान कुणीतरी जिवाचं रान करतं."

मला इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. फोन आपटणारच होते. तिकडे रेडिओचा आवाज एकदम बारीक झाला. त्यांनी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं, मग बसल्याचं.

"उद्या येतेय मी त्याच्याबरोबर," सासूबाई म्हणाल्या. "पण तोवर मला दम नाही. इतक्या दिवसांचं सांग. काय काय नाकारलंस?"

मी पदराने नाक पुसलं, भाजीची पिशवी जवळ ओढली आणि दाढीच्या मशीनवाल्यापासून सुरुवात केली.