चौथ्यांदा परत आलेली फ्रेम

तीच फ्रेम चौथ्यांदा परत आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं फ्रेमा करतोय. लोकांची लग्नं, पदव्या, कुत्री, सगळं भिंतीवर चढवलंय. इतका छळ कुत्र्यांनीसुद्धा केला नाही.

"बाबा नाहीच म्हणतात हो," बँकवाले साहेब पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले.

त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला. बोलणं गेलं, उरला एकच शब्द, 'नाही'. महिन्यापूर्वी पेटीच्या तळाशी त्यांचा लहानपणचा फोटो सापडला, खुर्चीत बसवलेलं दीड वर्षाचं गुबगुबीत पोर. तो हातात दिल्यावर म्हातारे कित्येक दिवसांनी हसले, रडले आणि पलंगासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणून ही फ्रेम.

आधी काळी पट्टी लावली. नाही. मग सोनेरी. नाही. मग बारीक लाकडी. शेवटी चकाकी न मारणारी महागडी काच. तरी नाहीच! माउंट तेवढा बदलला नव्हता. फोटोभोवतीची ही जाड पांढऱ्या कागदाची चौकट मी फार सुबक कापतो. शिवाय फोटोच्या डाव्या कडेला कुणाची तरी चार बोटं आली होती, पोराच्या खांद्यावर. जुन्या स्टुडिओवाल्यांचा गबाळा कारभार, दुसरं काय! "झाकून टाकू?" मी विचारलं होतं, आणि साहेब घाईघाईत म्हणाले होते, "झाका, झाका."

"साहेब, तुम्ही उंटावरून शेळ्या किती हाकणार? चला, मीच येतो," मी म्हणालो आणि फ्रेम काखोटीला मारली. म्हाताऱ्यांनाही चार शब्द सुनावायचे होते, खरं सांगायचं तर.

खोलीत औषधांचा वास होता. समोरच्या भिंतीत खिळा तयार होता, महिनाभर रिकामा. फ्रेम दिसताच पलंगावरून आवाज आला, "नाही."

"आजोबा, अहो काय नाही? पट्टी नाही, काच नाही, की मीच आवडत नाही? दाखवा बघू!"

त्यांनी चांगला हात उचलला. बोट पोराच्या चेहऱ्यावरून सरकत डाव्या कडेच्या पांढऱ्या कागदावर आलं आणि काचेवर टकटक करू लागलं. "नाही. नाही. नाही."

"बाबा, तिथे काहीच नाहीये," साहेब वैतागून म्हणाले.

मी फ्रेम पालथी घातली. खिशातल्या पकडीने मागचे खिळे उपटले, पाठ काढली, माउंट बाजूला केला आणि फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आपलं बोट त्या चार बोटांवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

"बाबा दोन वर्षांचे असताना आजी गेली," साहेब हळूच म्हणाले. "तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे..." आणि त्या चार बोटांकडे बघू लागले.

होता की. आम्ही दोघांनी मिळून तो चार वेळा झाकला होता.

लाज वाटली मला. माझ्या त्या सुबक हाताची तर फारच. नवा माउंट कापायला माप हवं होतं, पण म्हातारे बोट उचलेनात. शेवटी मी टेप काढली आणि त्यांच्या बोटाला धक्का न लावता, बाजूबाजूने माप घेतलं.