म्यूटमधला खडखडाट

"मिस, व्हेप ओढून कॉर्नेट फुंकला, तर सुरांना ब्लूबेरीचा वास येतो का?"

हे मी विचारलं. मी, हेटी स्कोफील्डने! अख्ख्या दहावीसमोर, ताठ उभं राहून. माझ्या मैत्रिणी लेक्सी आणि झाराची पैज होती, विचारलंस तर आठवडाभर कँटीनमधले आमचे चिप्स तुझे. मागच्या वर्षीची मी बाकाखाली शिरले असते. पण ईस्टरला मला गावच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये सोलो कॉर्नेटची, म्हणजे छोट्या ट्रंपेटवर मुख्य सूर वाजवणाऱ्याची, खुर्ची मिळाली, आणि तेव्हापासून माझा आवाज मलाच आवडायला लागला होता.

वर्ग हसत सुटला. कोलेटही हसली. ती मुलामुलींच्या दारू-व्हेप-नशेच्या मदतकेंद्रातून आली होती. पायात पिवळे गमबूट, हातात एकही तक्ता नाही.

"मिस नको गं, कोलेट म्हण. वास नाही येत. दम जातो," ती म्हणाली. "आता माझा प्रश्न. हात वर करायचा नाही, मनात उत्तर द्यायचं. सकाळी डोळे उघडल्यापासून पहिल्या झुरक्यापर्यंत किती वेळ जातो?"

माझं मन पटकन बोलून गेलं. पांघरूण अंगावरच असतं.

"मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसते," ती पुढे म्हणाली. "ओरडत नाही. कोणाच्या जिवावर बेतणार नसेल तर बाहेर सांगतही नाही. आणि एका दिवसात सोडा असंही म्हणत नाही. अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या असतात, हळूहळू उतरायच्या वाटा असतात."

"बोअर आहे बाई," लेक्सी कुजबुजली. व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, मला पहिल्यांदा तिनेच दिली होती, शाळेच्या टॉयलेटमध्ये. दोन महिन्यांनी तिला कंटाळा आला आणि तिने सोडून दिला. कंटाळा! मला तो यायची मी अजून वाट बघतेय.

चिप्स मात्र मी सगळे खाल्ले. मस्त होते.

आमच्या बाजूला जूनमधल्या एका शुक्रवारी सगळे बँड स्पर्धेसाठी गावोगाव फिरतात. रस्त्याने वाजवत यायचं, मैदानात गोल करून उभं राहायचं आणि एक मार्च, म्हणजे संचलनाची धून, वाजवायचा. परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरवॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, बसतो. कोण वाजवतंय, पोरगी आहे की म्हातारा, त्याला काही कळत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. डॅड सव्वीस वर्षं या बँडमध्ये ट्यूबा हा भला मोठा कर्णा वाजवतोय, मम सगळ्यांच्या कोटांची बटणं शिवते. माझ्या आधी सोलोच्या खुर्चीवर वॉल्टर होता, वय एकाहत्तर. त्याने स्वतः उठून मला बसवलं आणि म्हणाला, "आता तू दमव बाकीच्या बँडांना, पोरी."

आमच्या धुनेच्या मध्यावर आठ मात्रांचे आठ गट आहेत, एका श्वासात. ईस्टरला मी ते दात घासता घासता गाणं गुणगुणावं तसे वाजवायचे. आता साडेपाच गटांनंतरच छाती आवळते.

व्हेप कुठे ठेवायचा हा प्रश्न मी फार हुशारीने सोडवला होता. शाळेत दप्तर तपासतात, घरी मम खिसे तपासते. पण म्यूटला कोण हात लावणार? म्यूट म्हणजे कॉर्नेटच्या तोंडात खोचायचा पोकळ शंकू, आवाज दबवायला. जूनमधल्या मार्चच्या धुनेला तो लागतच नाही. थेट डिसेंबरात, नाताळच्या गाण्यांना. म्हणून मी व्हेपला केसांचं रबर बांधून तो म्यूटच्या बारीक तोंडातून आत सोडायचे आणि रबर धरून ओढून काढायचे.

शनिवारी सकाळी नुसतं रबर हातात आलं. व्हेप आत आडवा झाला.

हलवलं. उलटं धरलं. ममची विणायची सुई घातली. गादीवर आपटलं, मग गुडघ्यावर. तळहात घामेजले होते आणि खिडकीबाहेर भुंकणाऱ्या कुत्र्याचा मला खून करावासा वाटत होता. वीस मिनिटं. एका डब्यात अडकलेल्या नळीसाठी.

"हेटी! चल, कॅरवॅन!" खालून डॅडची हाक.

ही आमची पद्धत. तो स्वयंपाकघरातल्या कोठीत शिरतो, दार लावून घेतो आणि परीक्षक होतो. मी बाहेर वाजवते. मी म्यूट कॉर्नेटच्या पेटीत टाकला, खाली आले, वाजवलं. सहाव्या गटाला हवा संपली. अगदी बारीक, नाकातून, कोणाला दिसणार नाही असा श्वास घेतला.

दार उघडलं. डॅडच्या डोक्यावर पिठाचा ठिपका होता.

"श्वास चोरलास."

"नाही."

"हेटी, मी बटाट्यांमध्ये बसलो होतो, बहिरा झालो नव्हतो."

"घसा धरलाय तिचा," मम म्हणाली आणि मधाची बरणी काढायला लागली. "बघ कशी पांढरी पडलीय."

"घाबरलीय ती. होतं गं. मी पहिल्या वर्षी कोटावर ओकलो होतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या प्रत्येक मायेच्या वाक्यासरशी मी आणखी एक पाऊल कोपऱ्यात सरकत होते.

"पुन्हा एकदा," डॅड म्हणाला. "पण शेजारचं बाळ झोपलंय, म्यूट लाव." आणि मी हलायच्या आत त्याने पेटीतून तो उचलला. खड. खड खड.

"काय गं हे? आतलं काही सुटलंय वाटतं." कानाशी धरून त्याने पुन्हा हलवलं. "राहू दे. संध्याकाळी बँडच्या खोलीवर नेतो, वॉल्टर उघडून देईल."

खरं सांगते, वॉल्टरला काय सापडेल हे माझ्या मनात आलंच नाही. मनात एवढंच आलं: संध्याकाळपर्यंत व्हेपशिवाय?

"दे तो!" मी किंचाळले आणि त्याच्या हातातून हिसकावला. नख लागून त्याच्या मनगटावर लाल रेघ उठली. मधाचा चमचा ममच्या हातात तसाच थांबला. शेजारचं बाळ रडायला लागलं.

डॅड रेघेकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता. मी म्यूट पोटाशी धरला होता, दोन्ही हातांनी, आणि तो माझ्या थरथरण्यानेच वाजत होता. खड खड खड.

वर्गात उभं राहायला काहीच लागलं नव्हतं. इथे तसं नव्हतं. पण आवाज आला, माझाच, तो नवा.

"यात काही सुटलेलं नाही. यात माझा व्हेप आहे," मी म्हणाले आणि म्यूट टेबलावर ठेवला. "घसाही ठीक आहे आणि मी घाबरलेलीही नाही. मला तो सोडवत नाहीये. आता मी बोलते, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. शुक्रवारी सोलोच्या खुर्चीवर वॉल्टर बसेल, मी मागच्या रांगेत. त्याला मीच सांगणार, डॅड, तू नाही. आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोलेटकडे जाणार आहे."