मास्तरांनी बेतलेलं कार्पेट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट बेतले, आणि बाही आखूड झाली म्हणून एकही गिऱ्हाईक कधी परत आलं नाही. त्यामुळे बायकोनं हॉलमध्ये कार्पेट हवं म्हटल्यावर ते बसवायला बाहेरचा माणूस कशाला, असं त्यांना वाटलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात; इथं तर अंथरूणच विकत आणायचं होतं.

कार्पेट हवं होतं ते बायकोच्या थोरल्या बहिणीसाठी. लग्न ठरलं तेव्हा ही ताई म्हणाली होती, "टेलरच्या घरात काय असणार, चिंध्या!" त्यानंतर तिनं या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही, भेटी व्हायच्या त्या नातेवाइकांकडेच. आता अचानक रविवारी चारला चहाला येते म्हणाली होती.

"तिचा पाय एकदा मऊ कार्पेटवर पडू दे. बाकी मला काही नको," बायको म्हणाली. तिचा आवाज असा काही उतरला होता की मास्तरांनी लगेच पायात चपला घातल्या.

दुकानात गर्द हिरव्या रोलचा शेवटचा तुकडा निम्म्या किमतीत मिळाला. परत घेणार नाही, असं दुकानदारानं दोनदा बजावलं. मास्तरांनी जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून हॉलचा पॅटर्न काढला. एका कोपऱ्यात खांब, खिडकीखाली तिरकी भिंत, दाराशी खाच, सगळं त्यात आलं. मग कार्पेट पालथं घातलं, त्यावर कागद ठेवला, खडू फिरवला आणि कोटाची मोठी कात्री चालवली. टेलर कापडाच्या उलट्या बाजूलाच आखतो, सुलट बाजूला खडू लागू नये म्हणून. कोटाला ते चालतं, कारण कापड दुहेरी घडी घातलेलं असतं. डावी बाजू निघते तशी उजवीही निघते. हॉलला असा जोड नसतो, हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी कार्पेट सुलट करून पसरलं.

"अहो, खांब तिकडे आहे आणि खाच इकडे!"

मास्तरांनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. पालथं घातलं तेव्हा तंतोतंत बसलं, पण वर काळं रबर आलं. उजवी बाही कापावी आणि माणसाला डावाच हात असावा, तशी गत झाली होती.

"खांब हलवता येईल का हो?" बायकोनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

आवाज ऐकून समोरच्या दारातले कंपाउंडर आले. निवृत्त, एकटे, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची भारी हौस. कार्पेटभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "मास्तर, हा तर माझा हॉल आहे."

आणि खरंच तसं होतं. समोरचं घर बांधणाऱ्यानं आरशात पाहिल्यासारखं उलटं बांधलं होतं. तिकडे नेऊन पसरलं तर कार्पेटनं खांबाला कवेत घेतलं, ते तिरक्या भिंतीला चिकटलं, दाराशी अदबीनं थांबलं.

"ताई इथं कधी आलीच नाही," बायको हळूच म्हणाली. "आपलं दार कुठलं, तिला काय कळणार?"

तीन वाजेपर्यंत सोफा, पडदे, कपबश्या, लग्नाचा फोटो आणि दारावरची पाटीसुद्धा समोर गेली. कंपाउंडरांना शेजारी म्हणून भेटायला यायचं काम मिळालं. त्यांनी शर्ट बदलला आणि स्वतःच्याच दारावर टकटक करून "येऊ का?" असं विचारत ते आधीच आत येऊन बसले.

ताई वेळेवर आली. चपला काढून तिनं पाऊल टाकलं, आणि ते हिरव्यात रुतलं. "बाई गं!" एवढंच ती म्हणाली. बायकोचा चेहरा फुलला.

मग ताईनं हात धुवायला कुठं जाऊ असं विचारलं. मास्तरांनी सवयीनं डावीकडे बोट दाखवलं. ताईनं दार उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि कंपाउंडरांचा पायजमा.

"उजवीकडे," कंपाउंडर घाईनं म्हणाले. "मी इथं नेहमी येतो ना, म्हणून माहीत आहे."

चहा घेता घेता ताई कधी नव्हे ती सुटली. "घर म्हणावं तर असं! कसा छान उजेड, आणि हे भिंतीतलं कपाट! नशीब काढलंस गं तू."

"थँक्यू," कंपाउंडर लाजून म्हणाले.

बायकोनं कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी ती झुरली होती, ते शेजाऱ्याच्या उजेडाला आणि कपाटाला चाललं होतं.

"ताई, हे घर आमचं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर सगळी बोटं उघडून दाखवत होती.

"हे यांचं घर. आमचं समोर आहे. ह्यांनी कार्पेट उलट्या बाजूनं कापलं, आमच्याकडे बसेना, म्हणून इथं घातलं. पण तू जरा कडा बघ. हात लावून बघ."

ताई दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली. भिंतीलगत, मग खांबाभोवती तिनं बोट फिरवलं. खोट काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण एकही धागा सुटलेला सापडेना.

"कुणी कापलं म्हणालीस?"

"माझ्या नवऱ्यानं."

इतक्या ताठ मानेनं बायकोनं हे सांगितलेलं मास्तरांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना हुंदकाच आला. तो त्यांनी खोकल्यात दडवला.

मग बायकोनं ताईला हाताला धरून समोर नेलं. तिथं ना सोफा, ना पडदे, बसायला खुर्चीसुद्धा नाही. दोघी बहिणी भिंतीला टेकून खालीच बसल्या. मास्तर आत चहाचं दुसरं आधण ठेवत होते.

"फरशी फार गार आहे गं," ताईचा आवाज आला.

"असू दे," बायको म्हणाली. "आमची आहे."