अर्धी मिरची

सुरगाण्याजवळच्या वरच्या पाड्यावर बसवलेला सौरपंप म्हणजे पाणीयोजना आखणाऱ्या मंजुषाच्या नोकरीतलं सगळ्यात नावाजलेलं काम. त्या पाण्यावर तिथला शेतकरी बारकू उन्हाळी मिरची घ्यायला लागला. एरवी थंडीपासून एप्रिलपर्यंत तो बायको-मुलीला घेऊन पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला जायचा. यंदा तो घरीच राहिला आणि मुलीची, वेदिकाची, शाळा बुडली नाही.

मार्चमध्ये खालच्या पाड्यावरून नवसाबाईचा फोन आला. "ताई, आमच्या हिरीनं तळ गाठला."

मंजुषा नाशिकहून तशीच निघाली. विहिरीत डोकावली, तर तळाचा चिखल दिसत होता. पंपासाठी पाणी तिनेच मोजलं होतं, पण डिसेंबरात, पाणी भरपूर असताना. वरून पाझरणारं पाणी आता पंपच ओढून घेत होता.

त्या दिवशी ती दोन्ही पाड्यांमधला चढ दोनदा चढली, दोनदा उतरली. कुणी बसा म्हटलं तरी तिला बसवेना. शेवटी नवसाबाईला घेऊन ती बारकूच्या शेतावर गेली.

"पंप बंद केला तर मिरची जळंल," बारकू म्हणाला. "मग पोरीला घेऊन परत पिंपळगाव. तिच्या शाळेचं काय?"

"आन् माझी नात सकाळपास्नं हंडे वाहती," नवसाबाई म्हणाली. "तिला शाळा नाय का?"

बारकू खुरपं घेऊन वाफ्यात वाकला.

"चूक माझी आहे," मंजुषा म्हणाली. "पंपाचं पाणी आधी पाइपने खालच्या पाड्याच्या टाकीत सोडू. उरेल त्यात तुमची अर्धी मिरची जगेल."

"अर्धीच?" हातातलं खुरपं टाकून तो निघून गेला.

मंजुषा मुक्कामाला राहिली, पण तिचा डोळा लागला नाही. सकाळी पाहते तर बारकूने मिरचीच्या अर्ध्या वाफ्यांचं पाणी स्वतःच तोडलं होतं.

"मी एकटाच जातो पिंपळगावला," तो म्हणाला. "बायको राहील. पोरगी शाळा सोडणार नाय."

"मिरची तोडायला मी येते तुझ्या बायकोसंगं," नवसाबाई म्हणाली.

चार दिवसांनी पाइप जोडून झाला आणि खालच्या टाकीत पाणी पडलं. त्याच सकाळी बारकू जीपमध्ये चढला. मंजुषा जीपपाशी आली.

"पाइप कुठं गळत नाय ना, बघा तेवढं," तो म्हणाला.

जीप वळणाआड गेली. मंजुषा पाइपच्या कडेने चालू लागली आणि एकेक जोड हाताने चाचपत पुन्हा चढ चढली.