चोरलेलं अर्धं मिनिट

मी वेळकाकांच्या खिशातलं स्टॉपवॉच बोलतोय. मला मान नाही, नाहीतर ती खाली घालूनच बोललो असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड चष्म्याची एक बाई प्रत्येक घड्याळ कानाशी धरून तपासायची. मला ऐकून ती म्हणाली, "हे खरं बोलणारं दिसतंय." त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर मिरवलो.

काका तेव्हा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. एकदा गोल्फ क्लबचा मीटर वाचायला गेले, तर तिथे हौशी खेळाडूंची स्पर्धा चाललेली आणि पंचांना एक माणूस कमी. "जरा अर्धा तास उभे राहता का हो?" कुणीतरी विचारलं. त्या अर्ध्या तासाची चाळीस वर्षं झाली. स्वतः काकांनी खेळून पाहिलं ते एकदाच. चेंडू जागेवर राहिला आणि गवत लांब उडालं. पण दोऱ्या बांधणं, हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या ठोकणं, खेळाडूंची नावं पुकारणं, सगळं बिनबोभाट करायचे. दहा वर्षं झाली तेव्हा क्लबने मला त्यांच्या हातात ठेवलं. पोरांनी त्यांना वेळकाका म्हणायला सुरुवात केली ती माझ्यामुळे.

काकू म्हणायच्या, "लग्न माझ्याशी केलंत, संसार मात्र त्या गवताशी."

खेळात चेंडू झाडीत गेला की तो शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर तो पायाशी सापडला तरी हरवलेलाच धरतात. मग दंडाचा एक फटका घेऊन मागे जायचं आणि पुन्हा मारायचं. ही तीन मिनिटं काका माझ्यावर मोजत. आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस तो, काट्यावर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास. आणि घरी माझं दुसरं काम होतं. रोज सकाळी काकूंना चार मिनिटांची अंडी लागत. त्यांची वेळही मीच मोजायचो.

मग यंदा उन्हाळ्यात मी पडलो. काका खुंटी ठोकायला वाकले आणि मी वरच्या खिशातून निसटून थेट दगडी पायरीवर आदळलो. काकांनी मला कानाशी धरलं. "चाललंय, चाललंय!" ते आनंदाने म्हणाले. चालत होतोच मी. पण पोटातल्या केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली होती आणि मी धावत सुटलो होतो. मला ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. सरळ बंद पडलो असतो तर कुणाचं वाटोळं झालं नसतं.

"अहो, हल्ली अंडी कच्चीच राहतात," आठवड्याने काकू म्हणाल्या.

"गॅस मंद असेल."

"गॅसला काय धाड भरलीय? तुमचं घड्याळ तपासा जरा."

"तीस वर्षांत एकदाही चुकलं नाहीये ते," काका म्हणाले आणि पिवळा बलक निमूटपणे चमच्याने गोळा करत बसले.

पुढच्याच महिन्यात अंतिम फेरी आली. सर्वांत पुढे होती सिस्टर. दवाखान्यात परिचारिका, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. ड्यूटी संपली की तशीच थकलेली मैदानावर यायची. नऊ वर्षं असं खेळून ती पहिल्यांदाच जिंकण्याच्या जवळ आली होती. चेंडू घालायचे दोन खड्डे उरले होते आणि आघाडी एका फटक्याची. तेवढ्यात तिचा चेंडू झाडांखाली गेला.

काकांनी माझं बटण दाबलं. सगळे वाळका पाचोळा पायाने उकरू लागले. मी धावत होतो. थांबावं म्हणून जिवाचा आटापिटा केला, पण धावणं थांबेना.

"वेळ संपली," काका म्हणाले.

सिस्टर पाचोळ्यातच उभी राहिली. "काका, अजून वेळ आहे हो."

"घड्याळ खोटं बोलत नाही, पोरी."

ते अजून बोलतच होते, तेवढ्यात तिच्या जोडीदारणीने एक पान उचललं. खाली चेंडू होता. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मागे जाऊन पुन्हा मारला. ती एका फटक्याने हरली.

दोन दिवसांनी काकूंनी अंडी उकळत ठेवली आणि माझ्याशेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून ठेवलं. माझी चार मिनिटं झाली. त्या घड्याळाची व्हायला अजून चाळीस सेकंद होती. काका बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले आणि पुन्हा लावून पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

"तू सांगत होतीस," ते म्हणाले.

"झालं ते झालं. शनिवारी तुमचा सत्कार आहे. चाळीस वर्षांच्या कामावर कशाला पाणी फिरवता? मी कुणाला सांगणार नाही."

शनिवारी क्लबच्या सभागृहात काकांच्या नावाची पाटी मखमलीने झाकून ठेवली होती. काकांनी हार घेतला नाही. खिशातून मला काढून टेबलावर ठेवलं. "या घड्याळाने सिस्टरचं अर्धं मिनिट खाल्लं," ते म्हणाले. "घरून इशारा मिळाला होता. मी गॅसवर ढकललं." अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "निकाल आता बदलत नाही हो, पंचांचा शब्द तो शब्द." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सिस्टर मागच्या रांगेत उभी राहिली. "मला तेव्हाच कळलं होतं, काका. दिवसभर नाडी मोजते मी. अर्धं मिनिट किती असतं ते माझ्या बोटांना कळतं."

"मग भांडली का नाहीस?"

"तुमच्यापुढे आजवर कुणी बोललंय का?"

तिने माफ केलं असं म्हटलं नाही. ड्यूटी आहे म्हणून निघून गेली. पाटीवरची मखमल कुणी काढलीच नाही.

तीन रविवार काका घरीच बसले. चौथ्या रविवारी नवं घड्याळ घेऊन गेले. आता चेंडू हरवला की घड्याळ खेळाडूच्या हातात देतात आणि म्हणतात, "तुम्हीही बघा."

मी स्वयंपाकघराच्या खणात असतो. काकूंनी मला दुरुस्तीला दिलं नाही. माझा काटा पावणेपाच मिनिटांच्या जरा पुढे जाईपर्यंत त्या थांबतात, आणि अंडी आता बेताची शिजतात. मला ओळखून वागवणाऱ्या या घरात त्या एकट्याच आहेत.

सिस्टरला माझा निरोप पोचवायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी घड्याळ दाखवून वेळ संपली म्हणालं आणि तुमची बोटं नाही म्हणत असतील, तर बोला. त्या झाडांखाली मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.