तिरकी पट्टी

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं आणि मी सुतारकामाची चित्रं काढते. एका घरात या दोन गोष्टी मावत नाहीत, हे लग्न ठरताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

चित्रं म्हणजे कॉम्प्युटरवरची. बागकामाच्या पुस्तिका काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाने मला एक चित्र परीक्षेसारखं दिलं होतं: बागेचं लाकडी फाटक, साधं, रंधा न मारलेल्या ओबडधोबड फळ्यांचं. शेजारी सात पायऱ्यांत कृती. वाचणाऱ्याने चित्र बघत बघत घरच्या घरी फाटक ठोकायचं. हे जमलं तर मालिकेतली उरलेली सहा चित्रंही माझीच. मुलगी झाल्यापासून तीन वर्षं मी घरी होते. ती सहा चित्रं मला किती हवी होती हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं, पण फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे.

मंगळवारी मी फळ्या काढत होते. एक फळी मन लावून काढायची, तिच्या रेघा, तिची गाठ, कडेचा तडा, आणि मग तिच्याच प्रती ओळीने लावून टाकायच्या, ही आमच्या धंद्यातली सगळ्यांचीच रीत. बाबा, म्हणजे माझे सासरे, मागे येऊन उभे राहिले. सोबत त्यांचे फिरायला जाण्याचे दोन मित्र होते. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनपाशी नाक नेलं आणि म्हणाले, की हे झाड भलतंच शिस्तीचं दिसतंय, सहाही फळ्यांना एकाच जागी गाठ. मित्र खो खो हसले. माझा राग तसा नाकावरच असतो, त्या दिवशी तो जिभेवर आला.

“हत्यारं विकून झाली ना तुमची? मग आता माझ्या कामात तोंड घालू नका.”

मित्रांनी चहा अर्धाच ठेवला आणि चपला घातल्या.  तेव्हापासून घरात दूध आलं, गॅस संपला, एवढंच बोलणं. गाठी मात्र मी मुकाट्याने बदलल्या, कारण त्यांचं बरोबर होतं. ते त्यांना सांगायला मी काही गेले नाही.

शुक्रवारी चार वाजता पुस्तिका छपाईला चढणार होती. सकाळी संपादिकाबाईंचा फोन आला, की मजकूर समोरच्या पानावर हलवलाय, तेव्हा चित्रातली पायवाट आता त्या बाजूला वळलेली हवी. सॉफ्टवेअरमध्ये हे एका बटणाचं काम. अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटवलं. वाट, वेल, ऊन सगळं झकास बसलं. मग लक्षात आलं, की कृतीत बिजागऱ्या डावीकडे आणि कडी उजवीकडे म्हटलंय, आणि माझ्या चित्रात ते नेमकं उलट झालं. बिजागऱ्या उचलून डावीकडे लावल्या, कडी उजवीकडे. कॉम्प्युटर रडतखडत चालत होता म्हणून सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक असलेले वेगळे थर, एकत्र करून टाकले, फाइल पाठवली. बाईंचं उत्तर आलं, “छान.” त्या एका शब्दावर मी दुपारपर्यंत तरंगत होते.

तीन वाजून वीस मिनिटांनी बाबा खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. मी त्याच चित्राकडे पुन्हा पुन्हा बघत बसले होते, स्वतःवर खूश होऊन.

“तोंड घालत नाही,” ते म्हणाले. “पण ते फाटक खाली बसेल.”

मी म्हटलं, कुठलं फाटक? त्यांनी दारातूनच बोट दाखवलं. फळ्यांवरून एक पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी जाते, तिच्याकडे. ती पट्टी खालच्या बिजागरीपाशी पाय रोवून उभी राहते आणि कडीकडचं ओझं डोक्यावर घेते, असं ते म्हणाले. माझी पट्टी वरच्या बिजागरीपासून निघून कडीच्या पायाशी गेली होती. म्हणजे ती ओझं उचलत नव्हती, नुसती लोंबकळत होती. सहा महिन्यांत खिळे सैल होणार, फाटक जमिनीला घासणार, आणि त्यात एखाद्या पोरानं झोका घ्यायला ते धरलं तर बिजागरीसकट खाली.

मला एका क्षणात सगळं दिसलं. उलटवताना पट्टीही उलटली होती. बिजागऱ्या मी परत फिरवल्या, पट्टी तशीच राहिली. चित्र काढणाऱ्याला पट्टी म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, या बाजूने काय नि त्या बाजूने काय.

“तुम्ही हे आत्ता बघितलंत?”

“सकाळी. चहा ठेवायला आलो तेव्हा.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू सांगितलं होतंस ना, तोंड घालू नका.”

भांडायला वेळ नव्हता. गप्प बसले तर कोणाला कळणार होतं? बाईंना नाही कळलं. छापून होईल, सहा चित्रं मिळतील, फाटकं पुढच्या वर्षी पडतील. हा विचार मी केला, आणि तो चांगला दोनेक मिनिटं केला, हे कबूल करते. मग फोन लावला.

 बाई म्हणाल्या, की मशीन चारला सुरू होतं, त्याआधी आलं तर बदलते, आणि फोन ठेवला.

तीन बत्तीस. पट्टी नुसती फिरवून भागणार नव्हतं. लेयर एक झालेले, त्यामुळे पट्टी खरवडली तर खाली फळ्याच नव्हत्या, पांढरं भगदाड. फळ्या पुन्हा काढायच्या, पट्टी पुन्हा, तिची सावली पुन्हा. घाईत टॅबलेटवर पहिलीच रेघ सापासारखी गेली. बाबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि शेजारी बसले.

“घाई करू नकोस. आधी खालचं टोक. फळ्या जोडणाऱ्या खालच्या आडव्या पट्टीत, बिजागरीपाशी, खाच करून बसव. वर नको ठेवूस, आत.”

मी बसवलं. प्रत्येक फळीला दोन खिळे, एका रेषेत नको, नाहीतर फळी चिरते. वरचं टोक तिरकं काप, सरळ नको. ते सांगत गेले, मी काढत गेले. त्यांचा अंगठा मधूनमधून स्क्रीनवर टेकत होता आणि डाग पाडत होता, एरवी मी किंचाळले असते. पलीकडच्या खोलीत मुलगी झोपेतून कुरकुरली. बाबांनी नुसतं “झोप गं बाळा” म्हटलं आणि काय नशीब, ती झोपली. तीन अठ्ठावन्नला फाइल गेली. बाईंचं उत्तर आलं, “मिळालं.” या वेळी छान नव्हतं.

साडेचारला त्यांचा फोन आला. चित्र छापलं गेलं होतं, नवंच. कळवलंत ते बरं केलंत, असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हाच मला कळलं.

“पण लोक हे बघून घरी खिळे ठोकणार आहेत. दर वेळी शेवटच्या अर्ध्या तासात तुमचा फोन येईल, या भरवशावर मी नाही बसू शकत. पुढची सहा मी दुसऱ्यांना देते आहे.”

मी “बरोबर आहे” म्हटलं. होतंच बरोबर. फोन ठेवल्यावर मला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण बाबा अजून स्टुलावरच होते. काय म्हणाल्या, म्हणून त्यांनी विचारलं. काम गेलं, मी सांगितलं. 

“सकाळी बोललो असतो तर वाचलं असतं.”

नाही हो बाबा, तुमचं काय त्यात, असं म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. चांगल्या सुना तसंच म्हणतात. माझ्याने म्हणवलं नाही.

“वाचलं असतं,” मी म्हणाले.

“तू बोलू नका म्हणालीस म्हणून नाही गप्प बसलो,” ते म्हणाले. “ते आपलं निमित्त. मला तुझी फजिती बघायची होती. माझ्या मित्रांसमोर तू माझी केलीस तशी. मग तीन वाजले, आणि मला खोलीत बसवेना.”

सासऱ्यांनी सुनेला असं काही सांगितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा संताप आला. सहा चित्रं, तीन वर्षं, सगळं डोळ्यांपुढे आलं. काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला स्वच्छ दिसलं.

“मी असते तर चार वाजून गेल्यावरही बोलले नसते,” मी म्हणाले.