साक्षीला बसलेला देव

माझे वडील कचरू, म्हणजे आमचे अण्णा, यांनी अन्नपाण्याचा त्याग केला होता. तोंडात घातलेला पाण्याचा घोटही ते थुंकून टाकीत. धाकटे बंधू काकासाहेब यांनी एकदा समोर यावे आणि स्वहस्ते पाणी पाजावे, एवढीच त्यांची इच्छा शेष होती. परंतु मोसंबीच्या बागेच्या पाण्यावरून तंटा झाला तेव्हा उभयतांनी खंडोबाच्या पायरीवर बेलभंडारा उचलून, एकमेकांचे तोंड न पाहण्याची शपथ वाहिली होती. आमच्या गावी अशी शपथ दोघांनी मिळून, त्याच पायरीवर, स्वमुखाने मागे घेतली तरच सुटते.

माझी कन्या तृप्ती परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करीत होती. ती म्हणाली, "पप्पा, डिटेस्ट म्हणजे तीव्र द्वेष करणं. मूळ लॅटिन शब्द. देवाला साक्षी ठेवून एखाद्याला शाप देणं, असा अर्थ होता."

माझे हृदय विदीर्ण झाले. द्वेष मनात उपजतो व मनातच विरतो, अशी माझी समजूत होती. येथे तर त्याला साक्षीदार होता! माणूस निवळला तरी तो साक्षीदार उठत नाही. तत्क्षणी मी काकांचे घर गाठले.

"काका, चला. अण्णा जाऊन राह्यले."

"म्या भंडारा उचलेला हाय. देवाशी बेइमानी करू का?"

"मंग देवापशीच चला. म्या त्यांना तिथं आणतो."

आतून दैवशालाकाकू कडाडल्या, "रोज भावाच्या घराकडं बघत बसता, अन् आता देव आठवला व्हय? उठा जल्दी!"

अण्णांना टेम्पोतून नेऊन गादीसह पायरीवर निजवले. काका पाठ करून उभे राहिले. गुरवांनी दोघांच्या तळहातावर भंडारा ठेवला.

"म्या माझी शपथ मागं घेतली," काका म्हणाले.

अण्णांचे ओठ हलले. शब्द उमटला नाही.

"तोंडानं बोलावं लागतं," गुरव म्हणाले.

"बोल की, दादा," पाठमोरे काका म्हणाले. "आता कशाला भाव खाऊन राह्यला?"

"काका, त्यांची वाचा गेली!" मी आक्रोश केला. "त्यांच्या वतीनं म्या बोलतो, गुरवबुवा!"

गुरवांनी नकारार्थी मान हलवली.

तोच काका गर्रकन वळले. "देवाला काय करायचं ते करू दे! पाणी आणा!"

त्यांनी अण्णांचे मस्तक मांडीवर घेतले, लोटा ओठांस लावला. अण्णांचे नेत्र उघडे होते, पण पापणी लवत नव्हती; पाणी ओठांच्या कडेने ओघळून गादीत मुरले. काकांनी लोटा माझ्यापुढे धरला.

"पुन्हा भर, कल्याण. बराबर पितो तो माझ्या हातानं. भर."